खांबांना हात लावणारा शब्दकोशकार

डॉ. सॅम्युएल जॉन्सन या इंग्रज ग्रंथकाराशी मराठी माणसाची ओळख जुनी आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली 'निबंधमाला' सुरू केली आणि तीत या जॉन्सनवर विस्ताराने लिहिले. जॉन्सनच्या 'रासेलस' या कथेचे भाषांतर शास्त्रीबोवांचे वडील कृष्णशास्त्री यांनी हाती घेतले होते. ते अपुरे राहिले, ते मुलाने पुरे केले. त्यामुळे आमच्या पिढीपर्यंत जॉन्सन पोचला तो धिप्पाड, करारी, कुणाची भीडमुर्वत न ठेवणारा, एकहाती शब्दकोश रचणारा विद्वान म्हणून. बँकेच्या नोकरीतून मोकळा झाल्यावर मी बॉझवेलने लिहिलेले त्याचे जाडजूड चरित्र सावकाश वाचायला घेतले. दुपारी जेवणानंतर वीस-पंचवीस पाने, असा क्रम होता. त्या पानांतून जो जॉन्सन मला भेटला, तो वादात कुणाला हार न जाणारा आणि स्वतःच्या मनाला मात्र आयुष्यभर भ्यालेला माणूस होता. आज त्याच्याविषयी लिहायचे आहे.

अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये गाड्यांपासून पादचाऱ्यांचे रक्षण व्हावे म्हणून रस्त्याच्या कडेला खांब रोवलेले असत. जॉन्सन रस्त्याने निघाला की प्रत्येक खांबाला हात लावत जाई. एकदा त्याच्या एका परिचिताने आणि पाहुण्याने घराच्या खिडकीतून दुर्बिणीने हे पाहिले. मध्येच एक खांब राहून गेला. जॉन्सन बराच पुढे गेला होता. तो एकदम थबकला, मागे आला, राहिलेल्या खांबाला नीट हात लावला आणि मगच पुढे चालू लागला. दारातून आत जाताना किंवा बाहेर पडताना ठरावीक पावले पडली पाहिजेत आणि उंबऱ्यावर ठरावीकच पाय आला पाहिजे, असाही त्याचा दंडक होता. पावलांचा हिशेब चुकला तर तो पुन्हा मागे जाऊन सुरुवात करी. एका विशिष्ट गल्लीतून जावे लागू नये म्हणून तो लांबचा वळसा घेई. त्याच्या घरी राहणाऱ्या अंध मिसेस विल्यम्सना घेऊन तो कुणाकडे गेला, की पायऱ्यांवर स्वतः गिरक्या घेताना त्या बिचाऱ्या बाईंचा हात तरी सोडून देई, नाहीतर त्यांनाही आपल्याबरोबर फिरवी.

आपल्याकडे याला एक नेमका शब्द आहे, मंत्रचळ. कुलूप पुन्हापुन्हा ओढून पाहणारा, हात धुवून धुवून सोलपटून घेणारा, पूजेतला एखादा शब्द चुकला की काय या शंकेने सारे स्तोत्र पहिल्यापासून म्हणणारा माणूस आपल्या प्रत्येकाच्या नात्यात कुठे ना कुठे असतो. कधी त्याला आपण कडक सोवळे म्हणून गौरवतो, कधी चक्रम म्हणून हसतो. डॉक्टर त्याला ओसीडी म्हणतात. शंभर माणसांत दोघा-तिघांना तरी आयुष्यात केव्हातरी हा विकार होतो. अडीचशे वर्षांमागच्या माणसाचे निदान छातीठोकपणे कुणी करू नये. पण जॉन्सनविषयीच्या नोंदी इतक्या बारकाईच्या आहेत, की त्याला ओसीडी आणि त्याच्या जोडीने झटके देणारा, तोंडातून आवाज काढायला लावणारा तुरेत नावाचा मज्जाविकार असावा, असे आजच्या अनेक जाणकारांचे मत आहे. त्या दुसऱ्या विकाराचे नीट वर्णन फ्रान्समध्ये १८८५ साली झाले. तोवर जॉन्सनला जाऊन शंभर वर्षे उलटली होती.

त्याचा जन्म १७०९ साली लिचफील्ड या गावी झाला. वडील पुस्तकविक्रेते. दाईच्या दुधातून गंडमाळेचा आजार जडला असे मानले जाई. त्याने एका डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली, कान अधू झाला, चेहऱ्यावर आणि मानेवर व्रण राहिले. राजाच्या हाताच्या स्पर्शाने हा रोग बरा होतो अशी तेव्हा श्रद्धा होती. म्हणून १७१२ साली आईने त्याला लंडनला ॲन राणीकडे नेले. राणीने हात लावून दिलेला सोन्याचा ताईत त्याने जन्मभर गळ्यात ठेवला. रोग काही गेला नाही.

वडिलांविषयीची एक आठवण जॉन्सनने पुढे सांगितली आहे. कर्ज आणि मंदी यांमुळे त्यांच्या कामाची एक स्वतंत्र शेड निम्मी ढासळली होती. दुरुस्तीला पैसे नव्हते. मागच्या बाजूने कुणीही आत शिरू शकत होता. तरी वडील रोज रात्री पुढच्या दाराला काळजीपूर्वक कुलूप लावत. हा वेडाचाच प्रकार होता, असे मुलाचे मत होते. आपल्यातला हा काळवंडलेला भाग वडिलांकडूनच आला, असेही तो मानी. मागची भिंत नसलेल्या खोलीला रोज कुलूप लावणारा म्हातारा वाचून मी पुस्तक बाजूला ठेवले. मंत्रचळाचे इतके नेमके चित्र मला दुसरीकडे आढळलेले नाही. कुलपाने काही राखले जात नाही, हे कुलूप लावणाऱ्याला पक्के ठाऊक असते. तरी ते लावल्यावाचून झोप येत नाही.

ऑक्सफर्डला तो १७२८ साली गेला आणि तेरा महिन्यांत पैसे संपले म्हणून परत आला. तिथे त्याचे बूट फाटून बोटे बाहेर आली होती. कुणी दयाळूपणे नवे बूट दाराशी ठेवले, ते त्याने रागाने फेकून दिले. परतल्यावर विसाव्या वर्षी त्याच्या मनावर पहिला मोठा घाला पडला. मन ताळ्यावर यावे म्हणून तो लिचफील्डहून बर्मिंगहॅमपर्यंत पायी जाई आणि पायीच परत येई. शेवटी आपल्या मनाची सारी अवस्था त्याने लॅटिनमध्ये लिहून काढली आणि डॉक्टर असलेल्या आपल्या धर्मपित्याला, स्विनफेन यांना दिली. डॉक्टरांना त्या लेखातली बुद्धिमत्ता एवढी आवडली की त्यांनी तो चारचौघांना दाखवला. हेतू कौतुकाचा होता. मुलाला मात्र तो विश्वासघात वाटला आणि त्या माणसाशी त्याचे पूर्ववत कधी जुळले नाही. हा प्रसंग चरित्रात दोन-चार ओळींत येतो, पण त्यापुढे जॉन्सन आपल्या मनातले उघडे करताना फार जपू लागला.

पुढचा भाग सर्वांना ठाऊक आहे. वयाने वीस वर्षांनी मोठ्या विधवेशी १७३५ साली त्याने प्रेमाने लग्न केले. तिच्या पैशातून शाळा काढली. विद्यार्थी मोजकेच आले, कारण चेहरा आणि अंग वेडेवाकडे करणाऱ्या मास्तरांकडे मुलगा कोण पाठवील? १७३७ साली तो लंडनला आला आणि लेखणीवर पोट भरू लागला. १७४६ साली शब्दकोशाचा करार झाला. गफ स्क्वेअरमधल्या घराच्या माळ्यावर सहा लेखनिक हाताशी घेऊन त्याने काम केले आणि तीन वर्षांचे काम नऊ वर्षांनी, १७५५ साली पुरे झाले. बेचाळीस हजारांवर शब्द, एक लाखाहून अधिक अवतरणे. मधेच १७५२ साली पत्नी वारली होती. आपण आळशी आहोत, आयुष्य वाया घालवत आहोत, ही टोचणी याच माणसाला याच काळात छळत होती, हे लक्षात ठेवायला हवे.

त्याच्या खाजगी प्रार्थना आणि टिपणे त्याच्या मृत्यूनंतर १७८५ साली छापली गेली. ती वाचताना जीव कासावीस होतो. लवकर उठण्याचा संकल्प वर्षानुवर्षे तोच. मनातल्या शंकांपासून सोडव, अशी देवाला पुन्हापुन्हा विनवणी. शंका म्हणजे देव आहे की नाही ही शंका नव्हे. माझ्या हातून काही पाप झाले का, पुरेसा पश्चात्ताप झाला का, देवाने क्षमा केली का, ही कधीच न मिटणारी उलटतपासणी. तरुणपणी आजारी वडिलांनी त्याला उटॉक्सेटरच्या बाजारात पुस्तकांच्या दुकानावर बसायला सांगितले होते. तो अभिमानाने नाही म्हणाला होता. सुमारे पन्नास वर्षांनी, देशभर नाव झालेला हा वृद्ध त्या बाजारात गेला आणि ज्या जागी वडिलांचे दुकान असे तिथे भर पावसात उघड्या डोक्याने बराच वेळ उभा राहिला. येणारेजाणारे हसले असतील. लहानशा अवज्ञेचे कर्ज तो अर्धशतक व्याजासकट वागवीत होता.

त्याच्या चित्रकार मित्राने, सर जोशुआ रेनॉल्ड्सने, एक गोष्ट ओळखली होती. चित्रासाठी बसवले आणि हलू नका म्हटले, की जॉन्सन इतरांसारखाच स्थिर बसू शके. हे चाळे सुरू होत ते मन रिकामे झाले, की. तेव्हा जुन्या, नकोशा आठवणी आत शिरत आणि अंगविक्षेप म्हणजे जणू त्यांना हुसकावणे असे. म्हणूनच जॉन्सनला एकटेपणाची धास्ती वाटे. तो रात्री उशिरापर्यंत कुणाला उठू देत नसे. कुणीच नसेल तर गणित मांडी. इंग्लंडच्या डोक्यावरचे अठरा कोटी पौंडांचे कर्ज चांदीत वळवले तर त्या चांदीचा पट्टा पृथ्वीभोवती फिरवता येईल, असा हिशेब त्याने एकदा केला होता. बँकेत आयुष्य घालवलेल्या मला यातले सुख समजते. आकड्यांना जमा आणि खर्च एवढेच कळते. ते बेरीज झाली की गप्प बसतात.

१७५९ साली आई वारली. तिच्या अंत्यविधीचा खर्च भागवण्यासाठी त्याने एका आठवड्याच्या संध्याकाळांत 'रासेलस' लिहिली. कृष्णशास्त्री आणि विष्णुशास्त्री या पितापुत्रांनी मराठीत आणली ती हीच कथा. तीत कैरोजवळ राहणारा एक विद्वान, सज्जन ज्योतिर्विद आहे. पाऊस, ऊन आणि ऋतू आपल्या आज्ञेने चालतात, अशी त्याची खात्री झालेली असते. या अधिकाराचा त्याला गर्व नाही, त्याला धसका आहे. एका देशाला पाऊस दिला तर दुसरा कोरडा राहील, ही जबाबदारी त्याला झोपू देत नाही. राजकन्या आणि तिची सखी हे ऐकून आधी हसतात, मग ओशाळतात. पुढे त्या त्याच्याकडे शिकायला जातात, त्याला गप्पांत, फिरण्यात ओढतात आणि हळूहळू त्याची पकड सैल होते. तरी चार तास एकटा राहिला की तो विचार पुन्हा झडप घालतो. तेव्हा इम्लाक हा शहाणा माणूस त्याला सांगतो की, त्या विचाराशी वाद घालत बसू नकोस, कामाकडे किंवा माणसांकडे धाव घे, आणि एवढ्या मोठ्या जगात तू काही इतका विशेष नाहीस हे ध्यानात ठेव. स्वतःवर कधी न लिहिलेले प्रकरण जॉन्सनने इजिप्तच्या आडून लिहिले, असे मला वाटते.

१७६६ साली मात्र माणसेही पुरेनाशी झाली. कित्येक आठवडे तो खोलीबाहेर पडला नाही. थ्रेल नावाचे मद्यउत्पादक आणि त्यांची पत्नी हेस्टर त्याला भेटायला गेले, तेव्हा तो एका धर्मोपदेशकासमोर गुडघे टेकून, आपली बुद्धी शाबूत राहावी म्हणून प्रार्थना करा, अशी याचना करत होता. तो स्वतःविषयी काहीतरी भयंकर बोलू लागला, तशी थ्रेल यांनी नकळत हात पुढे करून त्याचे तोंड झाकले. माणूस भला होता, पण त्याला ऐकवले नाही. हेस्टरबाईंनी मात्र जॉन्सनला आपल्या स्ट्रेटहॅमच्या घरी आणले आणि पुढची सोळा वर्षे त्या घरात त्याची स्वतःची खोली होती. मध्यरात्रीनंतरही त्याला चहा करून देत, त्याचे बोलणे ऐकत त्या बसत. त्यांच्या वस्तूंत पुढे एक कुलूप सापडले. ते जॉन्सनने १७६८ साली आपल्या स्वाधीन केल्याची चिठ्ठी त्यावर होती. त्या काळी वेड्यांना साखळदंड घालत. आपल्यावर ती वेळ आली तर ते काम परक्याच्या हातून होऊ नये, म्हणून त्याने हे कुलूप देऊन ठेवले असावे, असा अर्थ अनेक चरित्रकारांनी लावला आहे.

आणि हाच माणूस १७८१ साली थ्रेल वारल्यावर मृत्युपत्राचा एक विश्वस्त म्हणून कारखान्याच्या विक्रीत कोटाच्या काजात लेखणी आणि दौत अडकवून धावपळ करत होता. एक लाख पस्तीस हजार पौंडांना सौदा झाला. घेणाऱ्यांत बार्कले घराणे होते, ज्यांच्या नावाची बँक आजही आहे. कारभाराला तो कुठेही कमी पडला नाही.

इथे मला एका माणसाची आठवण सांगायला हवी. १९८०च्या दशकात मी तालुक्याच्या गावी एका शाखेत होतो. स्ट्राँगरूमची एक किल्ली माझ्याकडे, दुसरी हेड कॅशियरकडे असे. त्यांच्या कॅशमध्ये कधी एका रुपयाचा फरक आला नाही. पण शाखा बंद करून आम्ही एस.टी. स्टँडवर आलो, की ते मागे फिरत आणि शटरचे कुलूप ओढून येत. मग पुन्हा एकदा. पोरांनी त्यांना नाव ठेवले होते. एका संध्याकाळी यापायी शेवटची गाडी चुकली आणि आम्ही दोघे स्टँडच्या बाकावर बसून राहिलो. तेव्हा ते बोलले. कुलूप अकरा वेळा ओढले नाही तर घरी काही अभद्र होईल असे त्यांचे मन त्यांना बजावी. पण खरे ओझे वेगळेच होते. तान्ह्या मुलीला अंघोळ घालताना, आपण तिला पाण्यात दाबून धरले आहे असे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे आले होते. ते पुनःपुन्हा येऊ लागले. त्यांनी मुलीला उचलून घेणेच सोडले. वहिनींना वाटे, मुलगी झाली म्हणून यांना माया नाही. आणि हे स्वतःला मनातला खुनी समजत होते.

त्या रात्री जे मला ठाऊक नव्हते, ते आज डॉक्टर स्वच्छ सांगतात. लंडनमधल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली साध्या, निरोगी माणसांना विचारले, तेव्हा त्यांतल्या बहुतेकांनी असे विचित्र, हिंसक, लाजिरवाणे विचार आपल्याही मनात येऊन जातात असे कबूल केले. फरक एवढाच की इतरांच्या मनातून विचार निघून जातो. मंत्रचळाच्या माणसाला तो आपल्या चारित्र्याचा पुरावा वाटतो, कारण त्याला त्या गोष्टीची सर्वांत जास्त किळस असते. ज्याला मुलीचा जीव प्राणापलीकडे प्रिय, त्यालाच ते चित्र छळते. विचार म्हणजे कृती नव्हे, इच्छाही नव्हे. १९६६ साली व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञाने लंडनमध्येच उपचाराची एक वाट दाखवली. भीती वाटते तिथे थोडेथोडे जायचे आणि कुलूप ओढण्याची किंवा हात धुण्याची उबळ मात्र पुरी करायची नाही. भीती चढते, ठरते आणि आपोआप उतरते. याला औषधांचीही जोड मिळते. घरच्यांनी हसू नये, पण रुग्णासाठी दहादा कुलूप पाहूनही येऊ नये. सगळे ठीक आहे ना, या प्रश्नाला दिवसात वीस वेळा दिलेले हो हे उत्तर विकारालाच खतपाणी घालते. केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या टेली-मानस सेवेत १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

आमचे हेड कॅशियर २००१ साली स्वेच्छानिवृत्ती घेऊन गेले. पुढे त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले ते त्याच मुलीने. आता ते कुलूप एकदा ओढतात. क्वचित दोनदा.

जॉन्सनला यातले काहीच मिळाले नाही. ज्या वेडाची त्याला जन्मभर दहशत होती, ते मात्र कधी आले नाही. जून १७८३ मध्ये रात्री त्याला अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. त्या अंधारात त्याने पहिली गोष्ट केली ती म्हणजे बुद्धी शाबूत आहे की नाही हे पाहण्यासाठी लॅटिन पद्यात एक प्रार्थना रचली. ओळी फारशा चांगल्या जमल्या नाहीत, हे त्याचे त्याला कळले आणि त्यावरूनच डोके ठिकाणावर असल्याची त्याची खात्री पटली. वाचा काही दिवसांत परतली. १३ डिसेंबर १७८४ रोजी तो गेला. शेवटच्या दिवसांत मन धुंद होऊ नये म्हणून त्याने अफूचे औषध नाकारले होते. त्याच्या मालमत्तेचा मोठा भाग गेला तो फ्रान्सिस बार्बर या, गुलामीत जन्मलेल्या आणि त्याने मुलासारख्या वाढवलेल्या कृष्णवर्णीय सेवकाकडे.

बॉझवेलच्या चरित्रात दारातल्या पावलांचा जो उतारा आहे, त्यात एक तपशील आहे. जॉन्सन अडखळतो, मागे जातो, पावलांचा हिशेब पुन्हा जुळवतो आणि मग झपझप चालत पुढे येऊन आपल्या सोबत्याला गाठतो. तो सोबती कोण, हे तिथे लिहिलेले नाही. चारचौघांसमोर गिरक्या घेणाऱ्या मित्राला हाक न मारता, त्याचे काम स्वतः न करता आणि निघूनही न जाता, तो थोडा पुढे रस्त्यात उभा राहत असणार.